बावीस नंबरचं डोकं

"इतक्या वर्षांत तुमच्या ध्यानात कसं आलं नाही हो?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला, की आता समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच मला कळतं. भेटायला येतात, संत्री आणतात, चहा घेतात आणि चहा संपत आला की हे विचारतात. म्हणजे नवरा तुमचा, घर तुमचं, आणि त्याचं डोकं वाढत चाललं आहे हे तुम्हाला दिसलं नाही? नाही दिसलं बाप्पा. तुम्ही कधी मोजलं आहे का तुमच्या नवऱ्याचं डोकं?

त्यात आमचा धंदाच डोक्यांचा, म्हणून लोकांना जास्तच नवल वाटतं. मी म्हणते, धंदा डोक्यांचा होता म्हणूनच दिसलं नाही. दुसऱ्या कोणाच्या घरी हे वेळेवर समजलं असतं आणि माणसाचे डोळे वाचले असते. आमच्या घरी टोप्या फुगवायचा फुगा होता. तो नसता तर ह्यातलं काहीच लिहायची पाळी माझ्यावर आली नसती.

आमचं दुकान जामच्या चौरस्त्यावर आहे. टोप्या, दुपट्टे, टॉवेल, लुगडी, धोतरं. लग्नात पाहुण्यांना द्यायच्या दुपट्टा-टोपीचे गठ्ठे आमच्याकडून जातात, आणि तेरवीला पोराच्या डोक्यावर मामानं ठेवायची टोपीही आमच्याकडूनच जाते. लग्न आणि मरण, दोन्ही आम्ही एकाच कपाटात ठेवतो. गिरडच्या दर्ग्याच्या यात्रेत टेकडीखाली आमचं वर्षातून एकदा टपरं लागतं, तिथे जाळीच्या टोप्या खपतात. माझा नवरा, म्हणजे आमचे हे, गिऱ्हाईक पायरी चढत असतानाच त्याच्या डोक्याचा नंबर, म्हणजे घेराचे इंच, सांगायचे. एकवीस. तेवीस. टेप लावायची गरजच नाही. मी कधी मुद्दाम लावून बघायची, आणि तोंड वाकडं करून टेप गुंडाळून ठेवायची, कारण नंबर बरोबर निघायचा.

काळी टोपी गठ्ठ्यात दाबून येते. घडी पडलेली, चपटी. ती तशी विकली तर माणसाच्या डोक्यावर टोपी नाही, पाकीट ठेवल्यासारखं दिसतं. म्हणून ह्यांनी एक युक्ती काढली होती. पातेल्यात पाणी उकळायचं, टोपी वाफेवर धरायची, कापड नरम झालं की आत फुटबॉलचं ब्लॅडर घालायचं आणि सायकलच्या पंपानं हवा भरायची. डोकं काही चेंडूसारखं गोल नसतं, म्हणून ब्लॅडरच्या दोन्ही अंगांनी लाकडाच्या पट्ट्या बांधायच्या. हवा जरा जास्त भरली की टोपी अर्धा नंबर सैल होते. एखाद्याला आवळत असेल तर त्याला तासाभरानं या म्हणायचं. येतो तेव्हा टोपी बरोबर बसते आणि माणूस खूश होऊन जातो.

पुढे लेकीनं मोबाइलवरून एक खास वस्तू मागवली. आमची एकुलती एक पोरगी, बापाची लाडकी. तिनं बापाच्या वाढदिवसाला ते खोकं आणून ठेवलं. टोप्या ताणण्यासाठीच केलेली रबरी पिशवी, अंड्यासारखी लांबट, वर कापडाची खोळ, आणि बीपीच्या मशीनला असतो तसा हातानं दाबायचा गोळा. पंप नको, पट्ट्या नकोत. आमच्या ह्यांनी ती पिशवी अशी हातात घेतली की जणू नातूच झाला. दिवसभर गिऱ्हाइकांना दाखवत राहिले. "माह्या पोरीनं आनलं. पाह्य, कसं फुगते." मी म्हटलं, "पुरे करा, लोकाइले टोपी घ्याची आहे, सर्कस नाई पाहाची."

ह्यांची स्वतःची टोपी काळीच. आत शिवलेल्या पट्टीवर बावीस लिहिलेलं. ती आवळायला लागली की हे तिला फुगा लावत. घामानं आटली, म्हणत. पावसात भिजली, म्हणत. आजकाल कापडातच दम नाही, म्हणत. आठवड्यातून एकदा दुकान बंद करताना आपली टोपी वाफेवर धरायची, आत पिशवी घालून फळीवर ठेवायची, सकाळी पुन्हा डोक्यावर. मी एकदा म्हटलं, नवी घ्या ना, दुकानात काय टोप्यांचा दुष्काळ पडला आहे? तर म्हणाले, "जुनी टोपी जुन्या बायकोवानी असते. जराशी फुगवली का बरोबर डोक्शावर बसते." सगळं दुकान हसलं. मीही हसले. काय करणार?

आता मागे वळून पाहिलं की सगळं दिसतं. अंगठी बोटात रुतली, सोनाराकडून कापून घेतली. आम्ही म्हटलं, वजन वाढलं. चपलेचा नंबर वाढला. म्हटलं, दिवसभर उभं राहून पाय पसरले. आवाज जाड झाला, दातांत फटी पडल्या, खालचा जबडा पुढे आला. ते सगळं आम्ही खर्ऱ्याच्या, त्या सुपारी-तंबाखूच्या, नावावर टाकलं. खर्रा आमच्याकडे सगळ्या रोगांचा बाप, त्यामुळे दुसरा बाप शोधायला कोणी जात नाही. डोकं दुखायचं, ते उन्हाच्या नावावर. टोपी लहान झाली असती तर कदाचित आम्ही थांबलो असतो. पण ती आमच्या घरी कधी लहान झालीच नाही.

मग हळूहळू बाजूच्या वस्तू त्यांना लागायला लागल्या. चहाचा कप कोपरानं सांडायचा. दाराची चौकट खांद्याला लागायची. मी म्हणायची, डोळे कोठी ठेवून आले? गिरडला टपऱ्यावर एक म्हातारा त्यांच्या डाव्या अंगाला टोपी हातात धरून उभा होता. "शेठ, हे केवढ्याले?" त्यानं दोनदा विचारलं. ह्यांनी मान वळवली नाही. आवाज आला असेल, पण तिथे यात्रेचा गोंगाट, भोंगे, पाळणे. म्हातारा टोपी आपटून गेला. "शेठच्या डोक्शात हवा गेली," म्हणाला. ही गोष्ट जामपर्यंत पोचली. हे खूप चिडले. "मी पाह्यलंच नाई त्याले," म्हणाले. कोणी विश्वास ठेवला नाही.

लेकीचं लग्न हिंगणीला जमलं. व्याही मोठे सालस, खताबियाण्याचं दुकान आहे त्यांचं. आमच्याकडे लग्नात दोन्ही व्याही एकमेकांना भेटतात, डोक्यावर टोपी ठेवतात, खांद्यावर दुपट्टा टाकतात. आता टोपीवाल्या व्याह्याला टोपी कुठून आणायची? आमच्याच दुकानातून घेऊन आम्हालाच घालावी, तर ते बरं दिसत नाही. म्हणून त्यांनी नागपुरातून भारीची आणायची ठरवली आणि फोन केला. "व्याहीबुवा, नंबर सांगा बरं तुमचा."

"बावीस," आमचे हे म्हणाले. "माह्या लग्नात बावीस होता, पोरीच्या लग्नातई बावीसच."

लग्न हायवेवरच्या लॉनवर होतं. अक्षता पडल्या आणि व्याहीभेटीला दोघं मांडवात समोरासमोर उभे राहिले. बँड थांबला. व्हिडिओवाला पुढे आला. ह्यांनी आपली टोपी काढून माझ्या हातात दिली. व्याह्यांनी नवी टोपी कागदातून काढली, झटकली आणि ह्यांच्या डोक्यावर ठेवली. ती बसेना. व्याह्यांनी जरा दाबली. टोपी वरच राहिली, वाटी उपडी ठेवावी तशी. मग ह्यांनी स्वतः दोन्ही हातांनी खाली ओढली, तर ती उडून दुपट्ट्यावर पडली. पोट्टे खिदळले. वऱ्हाडातल्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

"माल आटला हाय, व्याहीबुवा," हे म्हणाले. "कोन्या दुकानातून घेतली?"

व्याह्यांचा चेहरा उतरला. लग्नात मुलीच्या बापानं व्याह्याच्या आहेराला नाव ठेवायचं म्हणजे काय, हे माहीत नाही असा माणूस आमच्या भागात नाही. मंचावर पोरगी हार घालून उभी, तिनंही ऐकलं. तेवढ्यात नवरदेवाचे मामा पुढे आले. समजूतदार माणूस. भांडण वाढू नये म्हणून त्यांनी हसत हसत ती टोपी उचलली आणि आपल्या डोक्यावर ठेवली. बरोबर बसली. कानांच्या वर जिथे बसायला पाहिजे तिथे. त्याच सकाळी चहा घेताना आमच्या ह्यांनी त्यांना सांगितलं होतं, "मामा, तुमचा बावीस. माह्यावानीच."

ह्यांनी मामांच्या डोक्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातून आपली जुनी टोपी घेतली, उलटी केली, आतली पट्टी पाहिली. मामांच्या डोक्यावरची मागून घेतली आणि दोन्ही टोप्या एकीत एक ठेवल्या. नवी टोपी जुनीच्या आत सहज मावली, आणि वर बोट जाईल एवढी जागा उरली. आयुष्यभर लोकांच्या डोक्यांचे नंबर सांगितलेला माणूस. तो त्या दोन टोप्या धरून उभाच राहिला.

मग त्यांनी व्याह्यांचे हात धरले. "चूक माही हाय. मन छोटं करू नोका," म्हणाले. व्याह्यांनी मिठी मारली. बँड पुन्हा सुरू झाला. मी जुनी टोपी पुढे केली, घाला म्हटलं. "राहू दे," म्हणाले. लेक वाटेला लावायच्या वेळी सगळे पुरुष टोप्या-फेट्यांत, आणि टोपीवाला बाप उघड्या डोक्यानं उभा. पोरगी गळ्यात पडून रडली. हे रडले नाहीत. एका हातानं तिच्या पाठीवर थापटत होते आणि दुसरा हात पुन्हा पुन्हा आपल्या कपाळावर फिरवत होते.

दुसऱ्या दिवशी मांडव उतरत असताना त्यांनी मला टेप दिला. "माप घे बरं." मी घेतलं. साडेतेवीसच्याही वर गेलं. "टेप ढिला हाय काय?" दुसरा टेप आणला. तेच. मग त्यांनी माझं डोकं मोजलं. माझं होतं तेवढंच होतं. मी म्हटलं, लग्नाच्या धावपळीत सूज आली असेल. बोलताना माझाच आवाज मला खोटा वाटला.

जामचे डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा, खर्रा सोडा. मग नागपूर. तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं आमच्या लेकीहून थोड्या मोठ्या. त्यांनी कागद बघायच्या आधी ह्यांचे हात हातात घेतले, बोटं पाहिली, जबडा पाहिला, आणि म्हणाल्या, "जुना फोटो आहे का एखादा?" माझ्या मोबाइलमध्ये आमच्या लग्नाच्या फोटोचा फोटो होता. त्यांनी तो ह्यांच्या चेहऱ्याशेजारी धरला. मीही पाहिलं. आणि खरं सांगते, तोवर मला कधी दिसलं नव्हतं. फोटोतला माणूस वेगळाच होता. अरुंद नाक, बारीक हनुवटी. माझ्या डोळ्यांदेखत तो माणूस गेला आणि हा आला, आणि मी दोघांना एकाच ताटात वाढत राहिले.

"टोपी कधीपासून लहान व्हायला लागली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "ह्या आजारात माणसं हेच सांगत येतात. टोपी बसत नाही, चप्पल बसत नाही."

"आमच्या घरी टोपी लहान होत नाई, बाई," हे म्हणाले. "आमी फुगवतो ना."

त्यांना आधी समजलं नाही. मग ह्यांनी सगळं समजावून सांगितलं, वाफ, ब्लॅडर, पोरीनं आणलेली पिशवी. सांगता सांगता त्यांना स्वतःलाच कळत गेलं. शेवटचं वाक्य अर्धंच राहिलं. डॉक्टरीणबाई पेन हातात धरून ऐकत होत्या, त्यांनी काही लिहिलं नाही.

मेंदूच्या खाली एक छोटी ग्रंथी असते म्हणे, तिला गाठ आली होती. अंगातली हाडं वाढवणारं पाणी ती गाठ वर्षानुवर्षं सोडत होती. आता ती मोठी होऊन डोळ्यांच्या नसांवर चढली होती. म्हणून बाजूचं दिसत नव्हतं. म्हणून चहा सांडत होता. म्हणून गिरडचा म्हातारा टोपी आपटून गेला होता. नाकातून ऑपरेशन करून गाठ काढता येईल, जिवाला धोका कमी, पण डोळ्यांचं आत्ताच सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. नस किती दिवस दबून होती त्यावर आहे. काही वर्षं आधी आला असता तर. हे "तर" म्हणताना त्यांनी खाली पाहिलं.

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर लेक माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. अंगावरची हळद अजून पुरती उतरली नव्हती. "आई, मी तो फुगा आनलाच नसता तं..."

मला राग आला. खूप राग आला, आणि तो तिच्यावरच निघाला. "तू आनला नसता तं त्यायनं ब्लॅडर घातलं असतं. ब्लॅडर नसतं तं मडकं घातलं असतं. चूप बस. तुह्यानं काई झालं नाई." ती चूप बसली. पण तिनं ते मानलं नाही, मला दिसत होतं. आईला दिसतं.

गाठ निघाली. हाताची सूज उतरली, घोरणं कमी झालं, रक्ताच्या तपासण्या बऱ्या आल्या. हाड मात्र वाढलं ते वाढलं, डोकं काही परत बावीसवर येत नाही. त्यांनी गुपचूप दुकानातली चोवीस नंबरची टोपी काढली आणि घातली. पिशवीवर मी राग धरला नाही. गिऱ्हाइकांच्या टोप्यांना ती लागतेच, आणि रबराला काय कळतं.

मग डोळ्यांची तपासणी. एका पांढऱ्या घमेल्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं, आत कुठे ना कुठे उजेडाचा ठिपका चमकतो, दिसला की बटण दाबायचं. मी मागे उभी होते. बटणाचा आवाज येत होता, मग बराच वेळ येत नव्हता, मग एखादा यायचा. त्या न येणाऱ्या आवाजांत माझा जीव टांगलेला होता. कागद निघाला तो दोन्ही बाजूंनी काळा, मधे पांढरी पट्टी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "समोरचं आहे ते टिकेल. बाजूचं गेलं ते आता येणार नाही."

परतीच्या बसमध्ये हे खिडकीशी बसले होते. बुटीबोरी गेल्यावर म्हणाले, "पोरीले हे सांगाचं नाई."

"काऊन?"

"ते सोताले खाईन. संसार आता कोठी लागून राह्यला तिचा. मी मान फिरवत राह्यलो का कोनाले समजत नाई. तिले सांग, डोये बरे झाले."

मी तसंच सांगितलं. फोनवर लेकीला म्हटलं, बाबाचे डोळे बरे झाले बाई. ती तिकडे किती वेळ रडली. म्हणाली, "देवानं माह्यावर दया केली." डोळ्यांचं आम्ही बाहेर कोणालाच काही बोललो नाही. मोपेड विकली, तर पाठ दुखते म्हणून सांगितलं. दुकानात हे कोपऱ्यात भिंतीला टेकून बसायला लागले, म्हणजे सगळं समोर राहतं. रोज आरशासमोर मान डावीउजवीकडे फिरवायचा सराव करायचे, सहज वाटेल अशी. कोणी विचारलं तर हसून टाळायचे.

पोळ्याला लेक यायची होती. दुपारची बस होती. हे सकाळपासून दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसले. मी म्हटलं, आत बसा, भिंतीशी बसा. ऐकलं नाही. "मी बाहीर बसलेला दिसलो पाह्यजे तिले. रस्त्याकडे पाहून राह्यलो असं दिसलं पाह्यजे." दाढी केली, धुतलेला सदरा, नवी टोपी. नागपूरकडून बस येते त्या बाजूला तोंड करून बसले.

लेक आली ती हिंगणघाटच्या बाजूनं. जावयाला तिकडे काम होतं, तो तिला गाडीवरून चौकात उतरवून पेट्रोल भरायला गेला. मी आतून पाहिलं. हातात पिशवी, तोंडभर हसू, बापाला चकित करायचं म्हणून ती पाय न वाजवता पायरी चढली आणि त्यांच्या खुर्चीला लागून उजव्या अंगाला उभी राहिली. ट्रकांचा आवाज चालूच होता. हात पुढे केला असता तर टोपीला लागला असता.

ती वाट पाहत होती. बाबा आता बघतील, आता हसतील. हे रस्त्याकडे पाहत होते.

"अवं," त्यांनी मला हाक मारली, "दोन बसा गेल्या. पोरगी आली नाई वाटते अजून."

लेकीच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे भरत गेले. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होते? मी हो म्हणून मान हलवली. तिनं पिशवी हळूच खाली ठेवली, ओढणीनं तोंड पुसलं, आवाज न करता पायरी उतरली. रस्त्याच्या कडेनं थोडी लांब, नागपूरच्या बाजूच्या पानठेल्यापर्यंत गेली आणि तिथून वळून बापाच्या अगदी समोरून चालत आली.

हे खुर्चीवरून उठलेच. "पाह्य, पाह्य, आली!" तिनं वाकून पाय धरले, तेव्हा त्यांनी तिचं डोकं दोन्ही हातांत घेतलं. "दुरूनच वयखलं मी तुले. त्या पानठेल्यापाशी होतीस ना, तवाच दिसली."

"हो बाबा," ती म्हणाली.